बर्लिनची नृत्यस्पर्धा गाजविणाऱ्या मादाम मेनका

सन १९३६ च्या ऑगस्ट महिन्यात ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हॉकी संघाने बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक पटकावले. ही गोष्ट शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मात्र त्याआधी काही आठवडे, जुलै महिन्यात, त्याच बर्लिन शहरात आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा भरली होती आणि तेथे मुंबईहून गेलेल्या एका भारतीय नृत्यपथकाने पारितोषिके मिळविली होती, याची आठवण फार थोड्यांना आहे. हे पथक घडविणाऱ्या नर्तिका म्हणजे मादाम मेनका. आज शहाड, कल्याण, डोंबिवली परिसरात गणेशोत्सव आणि नवरात्र जवळ आले, की समूहनृत्य स्पर्धांच्या तालमी रंगू लागतात. त्यात मुली हौसेने भाग घेतात आणि पालकही कौतुकाने पाहतात. ज्या काळात हे स्वप्नातही शक्य नव्हते, त्या काळात मेनका यांनी ही वाट चोखाळली.

मेनका हे त्यांचे रंगभूमीवरील नाव. मूळ नाव लीला रॉय. त्यांचा जन्म १८९९ मध्ये बंगालमधील बारिसाल येथे झाला. वडील बंगाली बॅरिस्टर, तर आई इंग्रज. शिक्षणाच्या निमित्ताने इंग्लंडमध्ये राहण्याचा योग आला आणि तेथे व्हायोलिनवादनाचे धडेही मिळाले. पुढे डॉ. साहिबसिंग सोखी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सोखी हे लष्करी वैद्यकीय सेवेतील अधिकारी आणि नामवंत संशोधक. परळच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक होण्याचा मान त्यांना मिळाला. प्रतिष्ठित अधिकाऱ्याच्या पत्नीने सार्वजनिक रंगमंचावर नाचावे, ही कल्पना तेव्हाच्या समाजाला मानवणारी नव्हती.

त्यामागे कारणही होते. कथक त्या काळी दोन ठिकाणी जिवंत होते. एक म्हणजे दरबारी आश्रयावर जगणाऱ्या गुरूंची घराणी आणि दुसरे म्हणजे तवायफांच्या मैफली. नाचगाण्याविरुद्धच्या चळवळीमुळे या कलेवर बदनामीचा शिक्का बसला होता. मेनका यांनी मात्र प्रख्यात रशियन नर्तिका ॲना पावलोव्हा हिच्या प्रोत्साहनाने याच कलेचा मार्ग धरला. पंडित सीताराम प्रसाद, लखनौ घराण्याचे अच्छन महाराज व लच्छू महाराज, तसेच रामदत्त मिश्र यांच्याकडे त्यांनी कथकची तालीम घेतली. विशेष म्हणजे वयाची पंचविशी उलटल्यानंतर एकेक तोडा, एकेक तिहाई आत्मसात करण्याचे कष्ट त्यांनी घेतले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या रसिकांनी त्यांना रंगमंचावर पाहिले.

एकल नृत्याकडून समूहाकडे

कथक मुळात एकट्याने नाचण्याचे नृत्य. नर्तक आणि तबलजी यांच्यातील सवाल-जवाब, ऐन वेळी सुचलेली गत, समेवर येण्याची गंमत हा त्याचा प्राण. अशा कलेतून समूहनृत्य उभे करायचे, तर अनेक गोष्टी नव्याने बसवाव्या लागतात. आठ-दहा पायांचा ततकार एकाच वेळी पडला पाहिजे. कुणी कोठून प्रवेश करायचा, कोणत्या मात्रेवर वळायचे, हे आधी ठरले पाहिजे. तासन्‌तास रंगणारी मैफल ठरावीक मिनिटांत बसवावी लागते. त्यातही उत्स्फूर्तता हरवली, तर उरते ती नुसती कवायत. हा तोल साधणे हेच मेनका यांच्यापुढील खरे आव्हान होते.

ते पेलण्यासाठी त्यांनी कथानकाचा आधार घेतला. ‘कृष्णलीला’, ‘देवविजय नृत्य’, ‘मेनका लास्यम्’ या नृत्यनाट्यांत गोष्ट पुढे नेण्याचे काम हस्तमुद्रा, पदन्यास आणि वाद्यसंगीत यांच्याकडे आले. कथकला मणिपुरी व कथकली या शैलींची जोड देण्यात आली. पथकात रामनारायण यांच्यासारखे कसलेले कथक नर्तक होते. संगीताची बाजू अंबिक मजुमदार सांभाळीत, तर लखनौचे सरोदवादक सखावत हुसेन खाँ यांची साथ लाभली. घराणेदार उस्ताद आणि सुशिक्षित कुटुंबांतील मुली एकाच संचात काम करतात, हे दृश्यच तेव्हा नवे होते.

या संचातील एका मराठी मुलीची कहाणी उल्लेखनीय आहे. दमयंती जोशी ही मुंबईची चिमुरडी मेनका यांच्या नजरेस पडली. तिच्यातील गुण ओळखून त्यांनी तिला आपल्याकडे ठेवून घेतले, पण आईपासून तोडले नाही. आई वत्सलाबाईही मुलीसोबत राहिल्या. लहान वयातच दमयंती यांना युरोप दौऱ्याचा अनुभव मिळाला. पुढे त्या कथकच्या अग्रगण्य नर्तिका झाल्या आणि १९७० मध्ये पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. २००४ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

पारितोषिक आणि त्याची सावली

बर्लिनच्या यशाला दुसरी बाजूही आहे. ही स्पर्धा नाझी राजवटीने स्वतःची प्रतिमा उजळविण्यासाठी भरविली होती. ज्यूंवरील अत्याचारांमुळे अमेरिकन नर्तिका मार्था ग्रॅहॅम हिने तिचे निमंत्रण नाकारले. मेनका यांचे पथक मात्र गेले. पारतंत्र्यातील देशाच्या कलेला जागतिक व्यासपीठ मिळाले हे खरे. पण ते व्यासपीठ कुणाचे होते, हा प्रश्नही तितकाच खरा. त्यांच्या कर्तृत्वाचा विचार करताना तो वगळता येत नाही. १९३६ ते १९३८ या काळात या पथकाने युरोपभर शेकडो प्रयोग केले.

मायदेशी परतल्यावर मेनका यांनी खंडाळ्याला ‘नृत्यालयम्’ ही संस्था काढली. कल्याण जंक्शनला रेल्वेचे दोन मार्ग फुटतात. एक शहाडवरून कसाऱ्याकडे जातो, तर दुसरा कर्जत ओलांडून घाट चढतो. घाटमाथ्यावरच्या त्या निसर्गरम्य ठिकाणी कथक, मणिपुरी आणि कथकली एकाच छताखाली शिकविले जाई. गुरूच्या घरी राहून शिकण्याच्या परंपरेला शिस्तबद्ध संस्थेचे रूप देण्याचा हा प्रयत्न होता. शिरीन वजिफदार यांच्यासारख्या पारशी कुटुंबातील मुलीही तेथे घडल्या.

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रम्’वरही मेनका यांनी नृत्यनाट्य बसविले. या नाटकात गणदास आणि हरदत्त या दोन नृत्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण, हे ठरविण्यासाठी त्यांच्या शिष्यांची परीक्षा घेण्याचे ठरते. गुरूचे मोठेपण शिष्याच्या पावलांवरून जोखले जाते, हे त्यातले सूत्र मेनका यांच्या आयुष्यालाही लागू पडते.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ आणि ढासळती प्रकृती यामुळे नृत्यालयम् फार वर्षे तग धरू शकले नाही. देश स्वतंत्र होण्यास अडीच महिने उरले असताना, ३० मे १९४७ रोजी मेनका यांचे निधन झाले. तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती. संस्था बंद पडली आणि नृत्यनाट्ये विस्मरणात गेली. तरीही सुसंस्कृत घरातील मुलीने पायांत घुंगरू बांधावेत आणि त्याचा अभिमान बाळगावा, ही गोष्ट पुढच्या पिढ्यांना सहज वाटू लागली, याचे मोठे श्रेय मेनका यांच्याकडे जाते. समूहनृत्याच्या स्पर्धेत उतरणाऱ्या आजच्या प्रत्येक पथकावर त्यांचे हे ऋण आहे.