अप्पासाहेब पटवर्धन आणि मैल्याचा गॅस

संडास गोबरगॅसला जोडायचा म्हटला की आजही घरात नाके मुरडतात. रत्नागिरी जिल्ह्यात १८९४ साली जन्मलेल्या अप्पासाहेबांनी प्राध्यापकी सोडून गांधीजींची वाट धरली. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचे काम मागितले. नाकारल्यावर उपोषण केले. त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजीही उपाशी राहिले. १९४८ मध्ये कणकवलीत (तेव्हा रत्नागिरी जिल्हाच) त्यांनी गोपुरी आश्रम काढला. तिथे मैल्यापासूनही गॅस घेतला. मैला कुणाला डोक्यावरून वाहायला लागू नये, हा मूळ हेतू. चुलीला गॅस ही वरची कमाई. शिवाय गोवरी जाळली की नत्र धुरात जाते, टाकीत ते स्लरीत राहते. अप्पासाहेब १९७१ मध्ये गेले.

संडास जोडलेल्या टाकीची स्लरी भाजीपाल्याला थेट देऊ नका. कंपोस्ट करून आंबा-नारळाच्या आळ्यात घाला.