श्रीशंकराच्या नावाने चाललेला कारभार

देवापुढे हात जोडून उभे असावे आणि मन मात्र घरच्या विवंचनेत गुंतलेले असावे, हा अनुभव आपणांपैकी बहुतेकांस आहे. मुलीचे लग्न पार पडू दे, वाटणीचा तंटा मिटू दे, मग निश्चिंतपणे नामस्मरण करू, असे आपण म्हणत राहतो. वर्षे सरतात, पण ती निश्चिंती काही येत नाही. जिला ती जन्मभर लाभली नाही आणि तरीही जिचे ईश्वरचिंतन ढळले नाही, त्या पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी या गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. सुभेदार मल्हारराव होळकर यांचे पुत्र खंडेराव यांच्याशी बालपणीच त्यांचा विवाह झाला. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव धारातीर्थी पडले, तेव्हा अहिल्याबाईंचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. त्यांनी सहगमनाचा निश्चय केला. परंतु वृद्ध सासऱ्यांनी डोळ्यांत पाणी आणून त्यांस परावृत्त केले. पुढे मल्हाररावांनी हिशेब, वसुली आणि फौजेची सिद्धता ही कामे हळूहळू सुनेवर सोपविली. संसारातून सुटण्याचा मार्ग त्यागून त्या अधिक मोठ्या प्रपंचात शिरल्या.

१७६६ साली मल्हारराव निवर्तले. त्यांच्या मागे गादीवर बसलेले बाईंचे पुत्र मालेराव वर्षभरात, १७६७ साली, वारले. अशा वेळी दिवाण गंगाधर यशवंत यांनी दत्तक घेण्याचा आग्रह धरला. कारभार आपल्या हाती राहावा, हा त्यांचा हेतू होता. बाईंनी नकार देताच दिवाणांनी राघोबादादांस फौजेसह बोलाविले. पुत्रशोक ताजा असतानाच बाईंना युद्धाची तयारी करावी लागली. त्यांनी फौज सज्ज केली, इतर सरदारांकडे साहाय्य मागितले आणि थोरल्या माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. पेशव्यांनी त्यांचा अधिकार मान्य केला आणि राघोबादादांचा बेत फसला. राज्य वाचले. सैन्याची धुरा तुकोजी होळकरांकडे देऊन बाईंनी नर्मदातीरी महेश्वर येथे राजधानी केली.

येथून पुढची अठ्ठावीस वर्षे त्यांनी राज्य केले ते स्वतःच्या नावाने नव्हे. आज्ञापत्रांवर श्रीशंकराचे नाव असे. राज्य शिवाचे आणि आपण त्याच्या कारभारी, असा त्यांचा भाव होता. हा भाव केवळ कागदापुरता असता तर त्यात विशेष ते काय? परंतु कारभाऱ्यास प्रत्येक निर्णयाचा हिशेब धन्यापुढे ठेवावा लागतो, ही जाणीव त्यांच्या वागण्यात उतरली होती. इंदुरात एक धनिक सावकार निपुत्रिक वारला. लोभी मंडळींच्या सल्ल्याने तुकोजींनी त्याच्या द्रव्यात वाटा मागितला, तेव्हा त्याची विधवा महेश्वरी धावली. बाईंनी तिला मानवस्त्र देऊन सर्व संपत्तीची स्वामिनी ठरविले आणि तुकोजींना शहरापासून दूर तळ हलविण्याची आज्ञा केली. सरकारी खजिन्यास आलेला लाभ सोडणे आणि आपल्याच सेनापतीस दुखविणे, या दोन्ही गोष्टी सोप्या नव्हत्या.

त्यांचा दिनक्रम सर जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदविला आहे. पहाटेपूर्वी उठून पूजा, मग पुराणश्रवण, दानधर्म, ब्राह्मणभोजन आणि त्यानंतर स्वतःचे साधे जेवण. थोडी विश्रांती घेऊन दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत दरबार. मग दोनतीन तास उपासना व अल्पाहार. रात्री नऊ ते अकरा पुन्हा राज्याचे काम. उपासनेसाठी दरबार बंद पडत नसे आणि दरबारासाठी उपासना चुकत नसे. कामातून वेळ उरल्यास देवाचे करू, अशी ही व्यवस्था नव्हती. देवाची वेळ आधी ठरलेली होती आणि त्या वेळेत स्थिर झालेले मन दरबारात न्याय करावयास बसत होते.

खासगीच्या उत्पन्नातून त्यांनी हिंदुस्थानभर धर्मकार्य केले. काशीविश्वनाथाचे मंदिर १७८० साली उभे राहिले, सोमनाथाचे १७८३ साली आणि गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ साली. महेश्वरी घाट बांधले गेले, विणकरांची वस्ती वसली आणि तेथील लुगडी आजही प्रसिद्ध आहेत. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला, तेव्हा त्यांनी तो ऐकून घेतला आणि नर्मदेत सोडविला, असे माल्कम सांगतात. स्तुतीदेखील मनास देवापासून दूर नेते, हे त्या ओळखून होत्या.

तथापि, ईश्वरनिष्ठेने दुःख टळते असे मात्र कोणी समजू नये. उतारवयात नातू नथ्याबा गेला. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाईने सती जाण्याचा निश्चय केला. आई म्हणून आणि राज्यकर्ती म्हणून बाईंनी तिच्या पायांवर लोळण घेऊन विनविले. एके काळी सासऱ्यांनी त्यांना परावृत्त केले होते; त्यांना मात्र मुलीला परावृत्त करता आले नाही. ती क्रूर चाल पुढे १८२९ साली बंगाल इलाख्यात कायद्याने बंद झाली. त्या दिवशी मात्र ती आई चितेजवळ उभी होती. दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या आणि तीन दिवस त्यांनी अन्नास जवळजवळ स्पर्श केला नाही, शब्दही उच्चारला नाही. भान आल्यावर मुलीच्या स्मरणार्थ सुंदर छत्री बांधविली आणि कारभार पुन्हा हाती घेतला.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, सत्तराव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

आपल्या वाट्यास राज्य नाही. घर, शेत, दुकान किंवा कचेरी आहे. पण रोजचा हिशेब लिहिताना तो कोणाच्या नावे लिहितो, हा प्रश्न आपल्यालाही आहेच. विवंचना संपण्याची वाट न पाहता पहाटेची एक घटका आधी देवाच्या नावे ठरवावी आणि मग निर्णय घ्यावयास बसावे. महेश्वरीच्या त्या कारभारीण बाईंनी आपल्यापुढे ठेवलेला धडा एवढाच आहे.

शुभं भवतु.