न फिटलेले कर्ज

२३ फेब्रुवारी १९४५ रोजी इवो जिमा बेटावर ध्वज उभारणाऱ्या सहा अमेरिकी सैनिकांत ॲरिझोनातील पिमा जमातीचा आयरा हेझ होता. ते छायाचित्र वापरून सरकारने युद्धकर्जाच्या सातव्या मोहिमेत सुमारे २,६०० कोटी डॉलर उभे केले. प्रचारासाठी हेझलाही शहरोशहरी फिरविले. युद्धानंतर तो घरी परतला. पण त्याच्या शेतकरी जमातीचे गिला नदीचे पाणी गोऱ्या वसाहतवाल्यांनी केव्हाच वळविले होते. मजुरी, मद्य आणि वारंवार अटक, हेच त्याचे आयुष्य झाले. आर्लिंग्टन येथे त्याच प्रसंगाचे कांस्यशिल्प उभे राहिल्यावर अवघ्या अडीच महिन्यांनी, २४ जानेवारी १९५५ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी तो थंडीत मृतावस्थेत सापडला. रोखेधारकांना त्यांची रक्कम व्याजासह मिळाली. सैनिकाचे ऋण मात्र पुतळ्यावर भागविण्यात आले. कोणत्याही राष्ट्राने हा हिशेब तपासून पाहावा.