विखुरलेल्या गाळातून प्राचीन तळे शोधणारे हिस्लॉप

नागपुरात हिस्लॉप हे नाव ठाऊक नाही असा माणूस विरळा. मात्र ज्यांच्या नावाने १८८३ मध्ये महाविद्यालय सुरू झाले, ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप त्यापूर्वी २० वर्षे मृत्यू पावले होते आणि धर्मोपदेशक व शिक्षक असण्याबरोबरच ते विदर्भाच्या भूशास्त्राचे आद्य अभ्यासकही होते, याची माहिती फारच थोड्यांना आहे.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे धर्मोपदेशक म्हणून ते १८४४ च्या अखेरीस भारतात आले आणि १८४५ मध्ये नागपुरात दाखल झाले. नागपूर तेव्हा भोसल्यांचे संस्थान होते. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. मराठी आत्मसात केली, गोंडांच्या भाषेची व चालीरीतींची टिपणे केली. धर्मप्रचारासाठी गावोगाव हिंडताना वाटेत दिसणारा दगड उचलून पाहण्याची सवय त्यांना जडली.

सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासमवेत ते शहराच्या पश्चिमेकडील टाकळी आणि सीताबर्डीची टेकडी पाहू लागले. दोन्ही ठिकाणी काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये गाळाचा एक पातळ थर दबलेला होता. त्यात गोगलगायींचे शंख व वनस्पतींचे अवशेष सापडले. हे शंख गोड्या पाण्यातील प्राण्यांचे होते. म्हणजे हा गाळ समुद्रतळाचा नव्हे, तर तळ्याचा होता. कामठी परिसरातील वालुकाश्मात प्राचीन वनस्पतींचे ठसे मिळाले. नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली येथे मिळालेल्या एका लुप्त उभयचराच्या कवटीला लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी ब्रॅकिऑप्स हे नाव दिले. नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरील हिस्लॉप व हंटर यांचा प्रबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या अभ्यासातील खरी अडचण वेगळीच होती. थर दिसे तो टेकडीच्या उतारावर, ओढ्याच्या काठी किंवा एखाद्या विहिरीत. मधले मैलोन्मैल शेतजमिनीखाली झाकलेले. शिवाय जीवाश्म सर्वत्र सारखे मिळत नाहीत. एके ठिकाणी रास, तर शेजारी काहीच नाही. अशा मोजक्या, असमान नमुन्यांवरून न दिसलेल्या जागेविषयी काय म्हणावे, हा प्रश्न हिस्लॉप यांनी थरांचा क्रम आणि जीवाश्मांचे साम्य यांच्या आधारे सोडवू पाहिला.

याच प्रश्नाला गणिताचे उत्तर मिळण्यास आणखी शतक जावे लागले. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत बहुतेक नमुने हलके, तर थोडे अतिशय संपन्न असत. मोजक्या नमुन्यांत सोने भरपूर दिसले, तरी खोदल्यावर तो भाग तितका संपन्न निघत नसे. अभियंता डॅनी क्रिगे यांनी १९५१ मध्ये या फसगतीचे कारण मांडले. फ्रान्सचे जॉर्ज मातेरों यांनी १९६० च्या दशकात त्याला शास्त्राचे रूप दिले. तेच आजचे क्रिगिंग. दोन नमुन्यांतील अंतर वाढते तसा त्यांच्यातील फरक कसा वाढतो, हे आधी मोजायचे. मग जवळच्या नमुन्याला अधिक वजन द्यायचे, एकाच जागी दाटलेल्या नमुन्यांचे वजन कमी करायचे. आकडे एका बाजूला फार कललेले असतील, तर त्यांचे लॉगरिदम घेऊन हिशेब करायचा. अंदाजाबरोबर तो किती चुकू शकतो, हेही त्यातून कळते. समुद्रतळावरील गाळाच्या नकाशांपासून खनिजसाठ्यांच्या मोजणीपर्यंत ही पद्धत वापरली जाते. देशाच्या खनिजसाठ्यांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय नागपुरातच आहे, हा एक योगायोगच.

हिस्लॉप यांच्याजवळ चुकीचे माप सांगणारे असे साधन नव्हते. त्यांचे सारेच निष्कर्ष टिकले नाहीत. १८६० च्या प्रबंधात त्यांनी टाकळीसारखे थर तृतीयक कालखंडातील मानले. आज त्यांचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे, म्हणजे डायनोसॉरच्या अखेरच्या काळाच्या आसपासचे मानले जाते. मात्र हे थर गोड्या पाण्यात साचले, हा त्यांचा निष्कर्ष कायम राहिला. कोणता नमुना कोठे आणि कोणत्या थरात मिळाला, हे त्यांनी लिहून ठेवले, म्हणूनच पुढच्यांना दुरुस्ती करता आली.

४ सप्टेंबर १८६३ रोजी मध्य प्रांताचे तत्कालीन प्रशासक रिचर्ड टेम्पल यांच्यासमवेत ते टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यास गेले होते. परतताना ते मागे राहिले. अंधारात बोरीच्या वाटेवर पुराने फुगलेला नाला ओलांडताना ते वाहून गेले. घोडा स्वाराविनाच परतला. वयाची ४६ वर्षे पूर्ण होण्यास केवळ चार दिवस उरले होते. त्यांची आदिवासींविषयीची टिपणे टेम्पल यांनी १८६६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली.

टाकळीच्या हिरवट खनिजाला हिस्लोपाइट आणि नागपूरच्या तळ्यात आढळलेल्या एका सूक्ष्म प्राण्याला हिस्लोपिया ही नावे त्यांच्या हयातीतच मिळाली होती. महाविद्यालयाच्या फलकावरील नावामागे गाळ वाचणारा हा माणूसही उभा आहे.