गांजाला लंडनच्या औषधांच्या दुकानात पोचवणारा कलकत्त्याचा डॉक्टर

गांजा म्हटलं की आज पोलिसांचा छापा आठवतो. पण 1840 च्या दशकात हाच गांजा औषध म्हणून लंडनला पोचला होता, तोही कलकत्त्यातल्या एका डॉक्टरमुळे. त्यांचं नाव विल्यम ओ'शॉनेसी.

1809 साली आयर्लंडच्या लिमरिकमध्ये त्यांचा जन्म झाला. एडिनबरात डॉक्टर झाल्यावर त्यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांचं रक्त तपासलं. रक्तातलं पाणी आणि क्षार कमी होतात, ते भरून काढायला हवेत, असं त्यांनी मांडलं. सलाईनच्या उपचाराची वाट इथूनच निघाली. 1833 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीसाठी ते कलकत्त्याला आले.

इथे भांग, गांजा, चरस नशेसाठीही वापरात होते आणि औषधासाठीही. ओ'शॉनेसींनी पंडित मधुसूदन गुप्त यांच्यासारख्या जाणकारांकडून माहिती घेतली. आधी प्राण्यांवर प्रयोग केले, मगच रुग्णांना औषध दिलं.

धनुर्वाताचे काही रुग्ण बरे झाले. आकडी येणारं एक तान्हं बाळ वाचलं. रेबीजचा रुग्ण मात्र दगावला, त्याचा त्रास तेवढा हलका झाला. 1839 मध्ये हे सगळं त्यांनी जसंच्या तसं मांडलं. सतत गांजा घेणाऱ्यांना होणारा भ्रमही त्यात होता.

पुढे इंग्लंडला जाताना त्यांनी गांजा सोबत नेला. लंडनचे औषध विक्रेते पीटर स्क्वायर यांनी त्याचा अर्क बनवला. ओ'शॉनेसी भारतात परतले आणि त्यांनी कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास तारायंत्राने जोडले. 1889 मध्ये त्यांचं निधन झालं.

मग हे औषध मागे का पडलं? अडचण डोसची होती. एका बाटलीतला अर्क कडक, दुसरीतला फिका. नशा आणणारा मुख्य घटक टीएचसी शुद्ध रूपात वेगळा झाला तो थेट 1964 मध्ये. तोवर डोस नेमका ठरवता येईल अशी औषधं आली होती, आणि 1932 मध्ये ब्रिटिश औषधकोशातून गांजा वगळलाही गेला होता.

भारतात 1985 च्या एनडीपीएस कायद्याने गांजा आणि चरसवर बंदी आणली. नुसत्या पानांची भांग त्या व्याख्येत येत नाही, आणि वैद्यकीय व शास्त्रीय वापराला परवानगीने वाट ठेवली आहे. त्या वाटेने जाणाऱ्याला आजही तेच सांगावं लागतं, जे ओ'शॉनेसींनी तपासलं होतं: कोणत्या आजारावर, किती डोस आणि त्याने अपाय काय होतो.