हल हाऊसची शेजारीण

जुन्या पेढ्यांच्या कीर्दींत धर्मादायाचें खातें निराळें असे व त्यांतून अन्नछत्रें, पाणपोया, धर्मशाळा चालत, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. ही रीत चांगली आहे व तिची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु देणाराचें घर एका आळींत, घेणाराचें दुसऱ्या आळींत, आणि दोघांची गांठ वर्षांतून एकदां, तीहि उंबरठ्यावर, अशी स्थिति असली म्हणजे काय द्यावें हें देणारास कळत नाहीं व काय हवें हें घेणारास सांगवत नाहीं. ही अडचण ओळखून जिनें आपलें बिऱ्हाडच गरिबांच्या वस्तींत हलविलें, अशा एका अमेरिकन बाईचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. मिस जेन ॲडम्स हें नांव पुष्कळांनीं ऐकलें असेल. १९३१ सालचें शांततेचें नोबेल पारितोषिक ज्या दोघांस विभागून मिळालें त्यांपैकीं त्या एक होत. पण आम्हांस त्यांच्याविषयीं आदर वाटतो तो पारितोषिकामुळें नव्हे. शिकागो शहरांतील कचऱ्याच्या गाड्यांमागून त्या पहांटे हिंडल्या, त्यामुळें.

त्यांचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजीं इलिनॉय संस्थानांतील सीडरव्हिल या खेड्यांत झाला. वडील पिठाच्या गिरणीचे मालक, संस्थानच्या कायदेमंडळाचे सभासद आणि अब्राहाम लिंकन यांचे स्नेही होते. आई, मुलगी दोन वर्षांची असतांनाच वारली. लहानपणीं पाठीच्या कण्यास क्षय होऊन कणा वांकडा राहिला. आपल्यासारखी कुरूप मुलगी अशा रुबाबदार गृहस्थाची आहे हें परक्या लोकांस कळूं नये म्हणून ती रविवारीं देवळांतून परततांना वडिलांस सोडून चुलत्याचा हात धरून चाले. याच वडिलांविषयीं लोकांत असें बोललें जाई कीं, कायदेमंडळांत त्यांस लांच देऊं करण्याचें धैर्य कधीं कोणास झालें नाहीं. ही गोष्ट पुढें कामास येणार आहे.

१८८१ सालीं रॉकफोर्ड येथील शिक्षण संपलें व त्याच वर्षीं वडील वारले. हातीं सुमारें पन्नास हजार डॉलरांचा वारसा आला. वैद्यकी शिकण्यास त्या फिलाडेल्फियास गेल्या, पण पाठीचें दुखणें उलटलें व तो नाद सोडावा लागला. पुढचीं सात-आठ वर्षें प्रवास, ग्रंथवाचन आणि मनाची तळमळ यांत गेलीं. शिकलेल्या स्त्रीनें करावयाचें काय, हा प्रश्न त्या काळीं अमेरिकेंतहि सुटलेला नव्हता.

१८८३ सालीं लंडनच्या पूर्व भागांत त्यांनीं एक देखावा पाहिला. शनिवारची मध्यरात्र होती. रविवारीं विक्री बंद, म्हणून नासत चाललेल्या भाजीचा लिलाव चालला होता. गाडीभोंवतीं फाटक्या वस्त्रांतील माणसांची दाटी, आणि दिव्याच्या उजेडांत वर उठलेले शेंकडों रिकामे हात! एका मनुष्यास कोबीचा गड्डा मिळाला. त्यानें तेथेंच फुटपाथवर बसून तो कच्चाच खाल्ला. पुढें कित्येक दिवस कोणाचेहि वर उठलेले हात पाहिले कीं बाईंच्या मनास चरका बसे. १८८८ सालीं त्याच भागांतील टॉयन्बी हॉल ही संस्था त्यांनीं पाहिली. सॅम्युएल बार्नेट या धर्मोपदेशकानें व त्याच्या पत्नीनें ती १८८४ सालीं काढली होती. विद्यापीठांतील तरुणांनीं गरीब वस्तींत येऊन राहावें, उपदेशक म्हणून नव्हे तर शेजारी म्हणून, अशी तेथील कल्पना होती. बाईंस आपला मार्ग सांपडला.

त्या वेळचें शिकागो म्हणजे काय होतें? १८७० सालीं तीन लक्ष वस्तीचें शहर, १८७१ च्या आगींत सुमारें एक तृतीयांश होरपळलें, आणि १८९० सालीं अकरा लक्षांच्या घरांत गेलें. कत्तलखाने, लोखंडाचे कारखाने, शिवणकामाचे कोंदट माळे. आणि त्यांत राबणारे इटालियन, जर्मन, ज्यू, बोहेमियन, आयरिश, ग्रीक. हॉलस्टेड रस्त्यावर हल नांवाच्या गृहस्थानें १८५६ सालीं बांधलेला जुना वाडा होता. त्याच्या एका अंगास दारूचा गुत्ता, दुसऱ्या अंगास प्रेतांच्या पेट्या पुरविणाराचें दुकान. १८ सप्टेंबर १८८९ रोजीं जेन ॲडम्स व त्यांची मैत्रीण एलन गेट्स स्टार या तेथें राहावयास आल्या.

आरंभीं त्यांनीं शेजाऱ्यांपुढें कादंबरी वाचून दाखविली व चित्रें मांडलीं. हंसूं येण्यासारखी गोष्ट आहे खरी. पण चूक कळली कीं ती सोडण्यास त्यांना वेळ लागत नसे. कामास जाणाऱ्या आया मुलांस घरांत कोंडून जात, म्हणून पाळणाघर निघालें. मग बालवर्ग, व्यायामशाळा, रात्रीचे वर्ग, खेळाचें मैदान, नोकरी करणाऱ्या मुलींनीं स्वतः चालविलेलें वसतिगृह. पौष्टिक अन्नाचें शास्त्रोक्त स्वयंपाकघरहि काढलें. तें मात्र शेजारणींस पसंत पडेना. अंगीं लागणाऱ्या अन्नापेक्षां जिभेस रुचणारें अन्न गरिबालाहि हवें असतें, एवढें ज्ञान त्यांतून झालें. दुसऱ्याच वर्षीं आठवड्यास दोन हजार माणसांची ये-जा होऊं लागली, आणि वीस-बावीस वर्षांत एका वाड्याच्या तेरा इमारती झाल्या.

पण शेजारीपणाचें खरें शिक्षण निराळेंच होतें. पहिल्याच नाताळांत बाईंनीं मुलींस मिठाई वांटली तेव्हां कांहीं मुलींनीं ती घेतली नाहीं. त्या मिठाईच्या कारखान्यांत सकाळीं सातापासून रात्रीं नऊपर्यंत सहा आठवडे राबत होत्या व त्यांस मिठाई डोळ्यांपुढेंहि नको होती. त्याच सुमारास जवळच्या एका कारखान्यांत एकाच यंत्रावर तीन मुलगे जखमी झाले व त्यांतला एक दगावला. यंत्रास बसवावयाचें आडकाठीचें झांकण थोड्या डॉलरांचें होतें. मालकास हळहळ वाटेल म्हणून बाई वाट पाहत राहिल्या. मालकानें कांहींच केलें नाहीं. नुकसानभरपाई मागणार नाहीं असा कागद आईबापांकडून त्यानें आधींच लिहून घेतला होता.

दुसरी एक गोष्ट खुद्द त्यांच्यावरच शेकणारी आहे, आणि त्यांनीं ती आपल्या आत्मवृत्तांत लपविली नाहीं, यांत त्यांचा मोठेपणा आम्हांस दिसतो. माल पाठविण्याच्या कचेरींतील एक कारकून बेकार होऊन मदत मागण्यास आला. धर्मादाय संस्थेचा नियम असा कीं, काम मिळण्यासारखें असेल तर मदत देऊं नये. कालव्याचें खोदकाम चालू होतें. बाईंनीं तें त्यास सुचविलें. आपण जन्मभर घरांत बसून काम केलें आहे, थंडींत बाहेरचें काम सोसणार नाहीं, असें त्यानें सांगून पाहिलें. नियम आड आला. तो गेला, दोन दिवस खणला, न्यूमोनिया होऊन आठवड्यानें मेला. त्याचीं दोन मुलें मागें राहिलीं; बाईंनीं त्यांचा माग कधीं सोडला नाहीं. पात्र-अपात्र याद्या करून दान देणाऱ्या आमच्याकडील मंडळींनीं हा कारकून विसरूं नये.

१८९१ सालीं फ्लॉरेन्स केली ही तडफदार बाई हल हाऊसमध्यें राहावयास आली आणि कामास धार चढली. शिवणकामाच्या माळ्यांची घरोघर जाऊन पाहणी झाली. १८९३ सालीं इलिनॉयमध्यें कायदा होऊन चौदा वर्षांखालील मुलांस कारखान्यांत ठेवण्याची बंदी व स्त्रियांस आठ तासांचा दिवस ठरला, आणि केलीबाई मुख्य तपासनीस झाल्या. हें बिल यावयाचें होतें त्या वेळीं कारखानदारांच्या वतीनें एका गृहस्थानें बाईंस सुचविलें कीं, हा खुळा नाद सोडा, दोन वर्षांत हल हाऊसला पन्नास हजार डॉलर मिळवून देतों. बाईंस वडिलांची आठवण झाली. त्यांना कोणी विचारण्यास धजला नव्हता. आपल्याला विचारलें, तेव्हां आपल्यांतच कांहीं उणें असलें पाहिजे, याची त्यांस लाज वाटली. मुलींच्या वसतिगृहासाठीं वीस हजार डॉलर देऊं करणारा एक दाता आपल्याकडील मुलींस तुटपुंजा पगार देतो असें कळलें, तेव्हां तीहि रक्कम त्यांनीं घेतली नाहीं. असा नकार देणें किती कठीण असतें हें ज्यांनीं कोठल्याहि संस्थेची वर्गणी जमविली आहे तेच जाणतील. आठ तासांचें कलम १८९५ सालीं वरिष्ठ कोर्टानें रद्द केलें. व्यापार बुडेल अशी ओरड तेव्हां झाली होती; पुढें असे कायदे जागोजाग झाले आणि शिकागोचा व्यापार कांहीं बुडाला नाहीं.

कचऱ्याची गोष्ट याच वर्षाची. रस्त्यांवर लांकडी पेट्यांतून कचरा कुजे, मक्तेदार पैसे घेई व गाड्या पाठवीना. बाईंनीं स्वतःच मक्त्यासाठीं टेंडर भरलें. तें बारीकसें कारण काढून बाजूस टाकलें गेलें, पण बोभाटा इतका झाला कीं मेयरनें त्यांनाच सालिना हजार डॉलरांवर वॉर्डाच्या कचरा-तपासनीस नेमलें. सकाळीं सहाला उठून त्या गाड्यांमागें जात, मक्तेदारास गाड्या वाढविण्यास भाग पाडीत. एका अरुंद गल्लींत अठरा इंच घाण उपसल्यावर खालीं चक्क फरसबंदी लागली! मृत्युसंख्येंत शहरांत तिसरा असलेला हा वॉर्ड सातवा झाला.

म्युनिसिपालिटींतील जॉनी पॉवर्स या सभासदाला मात्र त्यांना हलवितां आलें नाहीं. मक्त्यांत हात ओले करणारा हा गृहस्थ निवडणुकींत पुन्हां पुन्हां निवडून येई, व १८९८ सालीं तर मोठ्या मतांनीं आला. बाईंनीं शिव्याशाप न देतां कारण शोधलें. पॉवर्स लोकांस नोकऱ्या लावी, मर्तिकाचा खर्च देई, सणाला टर्की पक्षी वांटी. लबाड असला तरी तो शेजारी होता, आणि सुधारक मंडळी भाषणांपुरती येत. आमच्या नगरपालिकांच्या निवडणुका पाहणारांस यावर टीपेची जरूर नाहीं.

१८९६ सालीं त्या रशियांत टॉल्स्टॉयच्या भेटीस गेल्या. त्यानें त्यांच्या झग्याच्या भरघोंस बाह्या चिमटींत धरून, एवढ्या कापडांत एका लहान मुलीचा झगा झाला असता असें बोलून दाखविलें. बाईंनीं मनाशीं ठरविलें कीं रोज सकाळीं दोन तास पाव भाजावयाचे. शिकागोस परत येऊन पाहतात तों दारांत माणसें, टपाल, भांडणें. तीं सोडून पाव भाजीत बसणें हाच पोरकटपणा वाटला. आम्ही या बाबतींत बाईंच्या पक्षाचे आहों.

त्यांच्या हातून चुका झाल्या नाहींत असें नाहीं. निग्रो लोकांच्या हक्कांसाठीं १९०९ सालीं निघालेल्या संस्थेच्या स्थापकांत त्या होत्या. तरी १९१२ सालीं ज्या पक्षानें दक्षिणेकडील निग्रो प्रतिनिधींस सभेंत बसूं दिलें नाहीं, त्याच पक्षाच्या रूझवेल्टला त्यांनीं दुजोरा दिला. शेजारधर्माची वीण येथें उसवली, असें आम्हांस वाटतें.

महायुद्धानें त्यांची सारी कीर्ति पालटली. १९१५ सालीं हेग येथील स्त्रियांच्या शांतता परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या. परत आल्यावर, संगिनींच्या हल्ल्यापूर्वीं सैनिकांस मादक द्रव्य द्यावें लागतें असें त्या एका सभेंत बोलल्या, आणि कालपर्यंत पूजा करणाऱ्या वृत्तपत्रांनीं त्यांच्यावर शब्दांचा वर्षाव केला. व्याख्यानांचीं निमंत्रणें थांबलीं. त्या डगमगल्या नाहींत. नोबेल पारितोषिक दिलें गेलें त्या दिवशीं त्या बाल्टिमोरच्या रुग्णालयांत होत्या.

१९२३ सालीं जगाच्या प्रवासांत त्या हिंदुस्थानांतहि येऊन गेल्या. मुंबईस ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग १९११ पासून कामगार वस्तींत रात्रीच्या शाळा व फिरतीं वाचनालयें चालवीत होती. १९२६ च्या सुमारास अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनीं नागपाड्यास याच धर्तीचें नेबरहुड हाऊस काढलें, आणि तेथेंच १९३६ सालीं समाजकार्य शिकविणारी टाटांची शाळा सुरू झाली. पुढें तिचीच टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली.

२१ मे १९३५ रोजीं शिकागोंत बाई वारल्या. शव हल हाऊसमध्यें ठेवलें असतां हजारों लोक, बहुतेक त्याच गल्ल्यांतले, दर्शनास आले. पुढें १९६० नंतरच्या दशकांत विद्यापीठासाठीं ती सारी वस्ती पाडली गेली. मूळ वाडा व जेवणघर तेवढें संग्रहालय म्हणून राखलें. संस्थाहि पैशाअभावीं २०१२ सालीं बंद पडली. सीडरव्हिलला त्यांच्या थडग्यावर नांवापुढें हल हाऊस व स्त्रियांचा शांतता संघ या दोहोंचाच उल्लेख आहे.