रिपोर्टमधल्या प्लेटलेट्स ओळखल्या कोणी? जुलिओ बिझोझेरो यांची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात शिरपूरला माझ्या मामेभावाला डेंग्यू झाला. लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि अख्ख्या घराची नजर एकाच आकड्यावर खिळली: प्लेटलेट्स. अंग फार दुखतंय म्हणून मी त्याला घरातली अ‍ॅस्पिरिनची गोळी द्यायला निघालो होतो. डॉक्टरांनी फोनवरच अडवलं. का अडवलं, हे शोधता शोधता मी एका इटालियन डॉक्टरपर्यंत पोचलो.

विसाव्या वर्षी डॉक्टर

जुलिओ बिझोझेरो यांचा जन्म १८४६ साली उत्तर इटलीतल्या वारेसे गावी झाला. १८६६ मध्ये, म्हणजे अवघ्या विसाव्या वर्षी, ते पाव्हिया विद्यापीठातून डॉक्टर झाले. सूक्ष्मदर्शक हेच त्यांचं वेड. रक्तातल्या लाल पेशी हाडांच्या मगजात तयार होतात, हे त्यांनी १८६८ मध्येच दाखवून दिलं. पुढे नोबेल मिळवणारे कामिलो गॉल्जी त्यांच्याच प्रयोगशाळेत घडले. नंतर बिझोझेरो तुरिन विद्यापीठात प्राध्यापक झाले.

कचरा नव्हे, पेशींची तिसरी जात

रक्तातले ते बारीक कण आधीही काहींना दिसले होते. पण फुटलेल्या पेशींचे तुकडे असतील, असं बऱ्याच जणांना वाटायचं. बिझोझेरो यांनी रक्त बाहेर काढून नाही, तर जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिनीतच पाहिलं. वाहत्या रक्तात हे कण होतेच. वाहिनीला इजा झाली की तिथे सगळ्यात आधी तेच चिकटायचे आणि मग गुठळीला सुरुवात व्हायची. १८८२ साली त्यांनी हे सविस्तर मांडलं. आपल्या प्लेटलेट्स त्या याच.

पण या कणांना बोलावतं कोण?

हे उत्तर बिझोझेरो यांच्या हयातीत मिळालं नाही. १९७२ मध्ये जाक बेनव्हेनिस्त आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या पेशींतून सुटणारा एक पदार्थ ओळखला. नाव पडलं प्लेटलेट अ‍ॅक्टिव्हेटिंग फॅक्टर, थोडक्यात पीएएफ. १९७९ मध्ये त्याची रचना कळली आणि तो चक्क एक स्निग्ध पदार्थ निघाला!

समजा, हा पेशींच्या ग्रुपवरचा मेसेज आहे. पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थापासून तो तयार होतो. तो मिळाला की प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि रक्तवाहिन्या झिरपू लागतात. म्हणजे गुठळी आणि सूज, दोन्हीचा निरोप एकच. रक्तातलं एक एन्झाइम हा मेसेज लगेच डिलीटही करतं, म्हणून एरवी गोंधळ होत नाही.

प्लेटलेट्स स्वतःही थ्रॉम्बोक्सेन नावाचा असाच एक मेसेज सोडतात. अ‍ॅस्पिरिन नेमका तोच बंद पाडते, तोही त्या प्लेटलेटच्या उरलेल्या आयुष्यासाठी, म्हणजे जास्तीत जास्त आठ-दहा दिवस. डेंग्यूत प्लेटलेट्स आधीच कमी. उरलेल्याही मुक्या केल्या तर रक्तस्राव वाढू शकतो. मला का अडवलं, ते इथे कळलं. आयबुप्रोफेनही याच कारणासाठी टाळतात.

आणखी एक गैरसमज दूर झाला. डेंग्यूत खरा धोका फक्त आकड्याचा नसतो, झिरपणाऱ्या रक्तवाहिन्यांचाही असतो. त्यात पीएएफचा हात आहे का, यावर श्रीलंकेत संशोधन झालं आहे. ताप उतरताना पोट खूप दुखलं, उलट्या थांबल्या नाहीत, हिरड्यांतून रक्त आलं किंवा पेशंट बेचैन झाला, तर प्लेटलेट्स कितीही असोत, लगेच दवाखाना गाठा.

डोळे गेले, काम नाही

उतारवयात बिझोझेरो यांच्या डोळ्यांनी दगा दिला. सूक्ष्मदर्शकात पाहणं बंद झालं. मग ते सार्वजनिक आरोग्याकडे वळले: पिण्याचं स्वच्छ पाणी, मलेरिया, क्षयरोग. १८९० मध्ये ते इटलीचे सिनेटर झाले. १९०१ साली, वयाच्या ५५ व्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं.

भाऊ आठवड्याभरात बरा झाला. आता दर रविवारी आम्ही दोघं गच्चीवरची टाकी आणि अंगणातले ड्रम घासून कोरडे करतो. डेंग्यूचा डास तिथल्याच साचलेल्या पाण्यात वाढतो ना! तुमच्या घरचे ड्रम शेवटचे कधी घासले?